बाफल्याचा न हललेला आकडा

१

"या कुत्र्याला कुणीतरी चोरून स्टेरॉइड देतंय."

रिपोर्ट वाचता वाचता डॉक्टर वैजयंती भागवत हे मोठ्यांदा बोलून गेल्या. बोलल्यावर त्यांच्या लक्षात आलं की समोर कोण कोण उभं आहे ते आधी बघायला हवं होतं. पण त्यांच्या जिभेला लगाम ग्वाल्हेरला माहेरी होत्या तेव्हापासूनच नव्हता, तो आता पन्नाशीत कुठून यायचा?

कुत्र्याचं नाव बाफला. भोपाळच्या चार इमली भागातल्या पुसदकरांच्या बंगल्यात तो पिल्लू म्हणून आला, तेव्हा तुपात बुडवलेल्या बाफल्यासारखा, म्हणजे उकडून भाजलेल्या कणकेच्या गोळ्यासारखा, गोल आणि तांबूस दिसत होता, म्हणून घरातल्या लेकीने, श्रुतीने, हेच नाव ठेवलं. बिट्टन मार्केटजवळच्या या दवाखान्यात तो लहानपणापासून यायचा. वैजयंतीबाईंवर त्याचा मनापासून राग होता, कारण जगातल्या सगळ्या सुया याच बाईकडे असतात असं त्याचं पक्कं मत होतं. आत्ताही तो टेबलावरून त्यांच्याकडे बघत घशातल्या घशात गुरगुरत होता.

गेले काही महिने त्याचं पोट माठासारखं सुटलं होतं. पाठीवरचे केस विरळ झाले होते. पाणी तर असा प्यायचा की बादली भरता भरता घरचे दमले, आणि प्यायलेलं पाणी परत कुठे सोडायचं याचाही काही धरबंध उरला नव्हता. भूक म्हणाल तर एकदा त्याने पुसदकरसाहेबांचा चष्म्याचा डबा खाल्ला. हे सगळं बघून कुठलाही जनावरांचा डॉक्टर एकच गोष्ट म्हणाला असता: मूत्रपिंडांच्या वर ज्या चिमुकल्या ॲड्रिनल ग्रंथी असतात, त्या बेफाम सुटल्यात आणि कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन जरुरीपेक्षा जास्त करतायत.

म्हणून वैजयंतीबाईंनी तपासणी केली होती. आधी रक्त घ्यायचं. मग ग्रंथींना डिवचणारं इंजेक्शन द्यायचं. तासाभराने पुन्हा रक्त घ्यायचं. झोपलेल्याच्या तोंडावर पाणी मारून कितपत उठतो ते बघावं, तसंच हे. धडधाकट ग्रंथी बेताने जाग्या होतात आणि आकडा चढतो. बेफाम ग्रंथी ताडकन उडी मारतात आणि आकडा आकाशाला भिडतो.

बाफल्याचा आधीचा आकडा तळाशी होता आणि नंतरचाही तिथेच बसून होता. तसूभर हलला नव्हता.

"अंगावर बघावं तर हार्मोन उतू जातंय, आणि रक्तात बघावं तर ठणठणाट," त्या म्हणाल्या. "याचा अर्थ तसंच काम करणारं औषध बाहेरून येतंय. आयतं मिळतंय म्हटल्यावर ग्रंथींनी आपलं दुकान बंद केलंय."

"स्टेरॉइड," अरविंद पुसदकर हळूच म्हणाले. ते मंत्रालयात मोठ्या हुद्द्यावर होते आणि फाइलवर शेरा मारावा तसं बोलायचे. त्यांनी मान वळवली आणि कुत्र्याला धरून उभ्या असलेल्या अमोल तारेकडे बघितलं. त्याच्याकडे म्हणजे खरं तर त्याच्या दंडांकडे. अमोल मूळचा इंदूरचा, कोटरा सुल्तानाबादला जिम चालवायचा, आणि रविवारी त्याचा श्रुतीशी साखरपुडा होता.

"तुमच्या जिममध्ये पावडरीचे डबे असतात ना?"

"असतात, काका. पण त्यात..."

"आणि तुम्ही रोज संध्याकाळी आमच्याकडे येता. बाफल्याशी खेळता."

यावर अमोलने नुसतं नाही म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण त्याचं तोंड एवढंसं झालं, कान लाल झाले आणि तो जमिनीकडे बघायला लागला. चोरी पकडली गेलेल्या माणसाचा चेहरा कसा असतो हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

"रविवारचा कार्यक्रम रद्द," पुसदकर म्हणाले. "जो माणूस माझ्या कुत्र्याला विष चारतो, त्याला मी मुलगी देणार नाही."

२

"बोललात तुम्ही मावशी, आता निस्तरा पण तुम्हीच."

श्रुतीने बंगल्याच्या फाटकातच त्यांना गाठलं. संध्याकाळ होत आली होती. वैजयंतीबाई स्कूटरवरून उतरल्याही नव्हत्या. पोरीचे डोळे सुजले होते, पण आवाजात रडं नव्हतं, चांगला दम होता.

"तू कशाला काळजी करतेस? साखरपुडा होणार."

"मी करतच नाहीये. अमोलने असं काही केलंय हे मी मेले तरी मानणार नाही. पण पप्पांना कोण समझाएगा? ते हॉलवाल्याला आणि केटररला फोन करून मोकळेही झाले. आजीने तेवढं गुरुजींना अजून कळवू दिलं नाही, म्हणून आशा आहे."

वैजयंतीबाईंना स्वतःचाच राग आला, आणि राग आला की त्यांचं डोकं भराभर चालायचं. त्या तडक स्वयंपाकघरात शिरल्या. श्रुतीची आई सरोज भरली वांगी करत होती, पण वांग्यांपेक्षा कढईकडे जास्त वेळ टक लावून बघत होती.

"वहिनी, घरात औषधं कोण घेतं?"

"मीच," सरोजने चटकन कप्पा उघडला. "दम्याचं. खोकला वाढला की डॉक्टर या गोळ्या देतात. मला सकाळपासून हीच धास्ती लागलीय हो. एखादी गोळी पडली असेल हातातून, आणि तो मेला तर खाली पडलेलं काहीही सोडत नाही."

वैजयंतीबाईंनी पाकिटावरचं नाव वाचलं. प्रेडनिसोलोन. म्हणजे स्टेरॉइडच. त्यांनी पाकीट उलटसुलट करून बघितलं आणि हसून परत ठेवलं.

"तुम्ही सुटलात, वहिनी. का ते मग सांगते. आता वांग्यांकडे बघा, करपतायत."

"त्याला झालंय तरी काय, काही कळत नाही. मागच्या महिन्यात असाच एकदा आडवा झाला होता. आई आठवडाभर नागपूरला गेल्या होत्या ना, बहिणीकडे. तर हा दोन दिवसांनी जो कोपऱ्यात पडला तो उठेचना. खाणं सोडलं, उलट्या काढल्या, पाय लटपटायला लागले. तुम्हाला फोन लावणार तोवर आई परत आल्या, आणि एका रात्रीत हा पुन्हा उड्या मारायला लागला. एवढा त्यांचा लळा."

लीलावतीआजी, म्हणजे पुसदकरांच्या आई, मागच्या व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर बसल्या होत्या. नुकताच तुळशीपाशी दिवा लावून आल्या होत्या. वैजयंतीबाई कुणापुढे सहसा वाकत नसत, पण या बाईंचा मान वेगळा. त्यांनी खाली वाकून आजींच्या पायांना हात लावला. बोटांना काहीतरी तुळतुळीत लागलं. दिव्याचं तेल सांडलं असेल पायावर, असं म्हणून त्यांनी ते सोडून दिलं.

"सुखी रहा. आणि माझ्या नातीचं जमवून द्या," आजी म्हणाल्या.

"काकू, तुम्ही काही औषध घेता?"

"मी? आयुष्यात कधी नाही. विचारा कुणालाही. अठ्ठ्याहत्तर चालू आहे, पण गोळी म्हणून पोटात गेली नाही. तो अरविंद बघा, पन्नाशीतच डबा घेऊन फिरतो ॲसिडिटीचा."

एवढ्यात बाफला आला. आजींनी बोट वर केलं, म्हणजे बघा आता. कुत्रा सरळ खुर्चीपाशी गेला, पुढचे पाय पसरून वाकला आणि आजींच्या पावलांवर त्याने तोंड टेकलं. चांगला बराच वेळ तसाच राहिला.

"रोज दिवेलागणीला नमस्कार," आजींचा चेहरा फुलून आला. "या घरातली शिकलेली माणसं विसरतात. हा विसरत नाही. मी बाहेरगावी जाताना डोळ्यांत पाणी येतं ते या एकासाठी."

नमस्कार आटोपून बाफला वैजयंतीबाईंकडे वळला. त्यांनी सवयीने हात मागे घेतला, कारण हा चावायचा. पण आज त्याने शेपूट हलवत त्यांची बोटं चाटली. एकेक बोट, अगदी मनापासून. बाईंना बरं वाटलं. खोटं कशाला बोला, चांगलंच बरं वाटलं. इतक्या वर्षांनी का होईना, याला आपली किंमत कळली असं त्यांना वाटलं.

राहिला ड्रायव्हर दिलीप. तो बैतूलकडचा, मराठी आणि हिंदी एकाच ताटात वाढणारा. "मैं तो फक्त करंजाचं तेल लावतो त्याला, खाजेसाठी," तो म्हणाला. मग इकडे तिकडे बघत त्याने आवाज खाली आणला. "मॅडम, सांगू नये, पण सांगतो. अमोलभैया गॅरेजमागे बसून बाफल्याला कागदातून काहीतरी भरवतात. रोज. मी डोळ्यांनी बघितलं. साहेबांनी विचारलं तर मला खोटं नाही बोलता येणार."

३

कोटरा सुल्तानाबादच्या जिममध्ये दुसऱ्या दिवशी सकाळी वैजयंतीबाई शिरल्या, तेव्हा वजनं उचलणारे चार पैलवान आपोआप बाजूला झाले. अमोल आरशापाशी उभा होता. रात्रभर झोप नसावी.

"काय भरवत होतास कुत्र्याला?"

अमोलने एकदा दाराकडे बघितलं. मग पळून उपयोग नाही हे त्याला कळलं असावं.

"मावा-बाटी," तो म्हणाला.

"काय?"

"मावा-बाटी, डॉक्टर. खव्याची, गुलाबजामसारखी मिठाई. श्रुतीने त्याला गोड द्यायला सक्त मनाई केलीय, म्हणून चोरून. काल दवाखान्यात मला वाटलं, त्या मिठाईनेच हे सगळं झालं. म्हणून तोंडातून शब्द फुटला नाही."

वैजयंतीबाई बाकड्यावर बसल्या आणि पोट धरून हसल्या. एका पैलवानाच्या हातातून वजन निसटता निसटता राहिलं.

"गाढवा, मावा-बाटीने कुत्रा जाडा होईल. त्याच्या ग्रंथी बंद पडणार नाहीत. आणि तुझ्या त्या पावडरीनेही नाही. तुझ्या सासऱ्याला कुणीतरी सांगायला पाहिजे की स्टेरॉइड हे आडनाव आहे. दंड फुगवणारं एक निराळं, सूज उतरवणारं निराळं. एका जोशांनी खिडकी फोडली म्हणून भोपाळमधल्या सगळ्या जोशांना धरून नेणार का?"

"मग हे काकांना सांगा ना."

"तेवढ्याने नाही भागायचं. तू दिलं नाहीस हे त्यांना नुसतं सांगून पटणार नाही, दिलं कुणी ते दाखवावं लागेल. पण मला एक सांग, मुळात त्याला मावा-बाटी कशाला?"

अमोल लाजला. सहा फुटी माणूस लाजला की फार मजेशीर दिसतो.

"तो माझ्यावर भुंकायचा. फाटकातून आत शिरूच द्यायचा नाही. श्रुती म्हणायची, बाफल्याला जो पसंत नाही तो मलाही नाही. मग काय करणार? महिनाभर मिठाई खाऊ घातली तेव्हा कुठे त्याने एकदाचा हात चाटला. लोक म्हणतात कुत्रा प्रेमळ. मी सांगतो, हा मतलबी आहे. बोटाला काही लागलेलं असल्याशिवाय हा कुणाचा हात चाटत नाही."

वैजयंतीबाई उठता उठता थांबल्या. त्यांनी आपला उजवा हात डोळ्यांसमोर धरला आणि बोटांकडे अशा बघत राहिल्या, की जणू ती बोटं त्यांची नव्हतीच.

"काय झालं?" अमोलने विचारलं.

"संध्याकाळी दिवेलागणीला बंगल्यावर ये," त्या म्हणाल्या. "फाटकातून आत घेतलं नाही तर भिंतीवरून ये. पण ये."

४

व्हरांड्यात सगळे जमले. पुसदकर हाताची घडी घालून उभे, सरोज पदराशी चाळा करत, श्रुती आणि अमोल एकमेकांपासून लांब पण नजर एकमेकांवर. दिलीप खांबाआड. आजी आपल्या खुर्चीत, आणि बाफला त्यांच्या खुर्चीभोवती घिरट्या घालत होता.

"साहेब, आधी वहिनी," वैजयंतीबाईंनी सुरुवात केली. "त्यांची गोळी स्टेरॉइडच आहे. पण ती पोटात गेली असती, तर आमचं रक्त तपासायचं यंत्र फसलं असतं. त्या गोळीला ते कॉर्टिसॉलच समजतं, आणि आकडा वर दाखवतं. इथे दोन्ही आकडे तळाशी. म्हणजे ती गोळी नाही. अमोलच्या जिममधल्या वस्तूंनी असं चित्र दिसतच नाही, आणि तो जे चोरून देत होता ती मावा-बाटी होती. मिठाईवाल्याला विचारून आलेय. हा बिचारा अमोल रोज ताजी न्यायचा."

"मावा-बाटी?" श्रुतीने अमोलकडे असं बघितलं की पुढचं त्या दोघांनी नंतर बोलून घ्यावं.

"मग कोण?" पुसदकर म्हणाले.

"हाच प्रश्न चुकीचा होता. बाफला आजारी पडला तेव्हा इथे कोण होतं, हे आपण शोधत बसलो. पण तो जास्त आजारी कधी पडला? मागच्या महिन्यात, त्या एका आठवड्यात. औषध एकदम बंद झालं आणि झोपलेल्या ग्रंथींना उठता येईना, म्हणून उलट्या, म्हणून पाय लटपटत होते. त्या आठवड्यात अमोल रोज येत होता. दिलीप होता, तुम्ही होता, वहिनी होत्या. नव्हतं कोण?"

सगळ्यांनी एकदमच आजींकडे बघितलं.

"मी?" आजी खुर्चीत ताठ झाल्या. "मी त्याला काय दिलं? माझ्या हातची पोळी?"

"काकू, तुम्ही खरंच काही दिलं नाहीत. तुमच्या पायांना काय लावता?"

"ते होय? मलम. घोट्याला खाज सुटते, भेगा पडतात. बिट्टन मार्केटातून दिलीप आणतो. तिथेच तर आहे, देव्हाऱ्याच्या फळीवर, कुंकवाच्या करंड्याशेजारी. रोज दिवा लावण्याआधी लावते."

"मग काल मी विचारलं तेव्हा औषध घेत नाही म्हणालात."

"औषध पोटात जातं, बाई. मलम काय, हळद लावावी तसं."

आजी खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या पिढीत औषध म्हणजे जे गिळताना तोंड वाकडं होतं ते. ट्यूब महिनोन्महिने सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती, पुसदकर रोज तिच्याशेजारच्या करंड्यातलं कुंकू कपाळाला लावून कामावर जात होते, आणि कुणाला ती दिसली नव्हती.

श्रुती ट्यूब घेऊन आली. वैजयंतीबाईंनी मागची बारीक अक्षरं वाचली. जबर ताकदीचं स्टेरॉइड, आणि असं, की त्यांच्या यंत्राला ते दिसतही नाही.

"काल पाया पडले तेव्हा माझ्या बोटांना लागलं. मला वाटलं दिव्याचं तेल. मग या महाशयांनी माझी बोटं चाटली. जो कुत्रा मला बघून गुरगुरतो, तो माझी बोटं का चाटेल? मला वाटलं माझ्यावर जीव जडला." त्या जरा थांबल्या. "तो रोज चाटत होता, काकू. तुमच्या पायांवरचं मलम. त्यात लोणी असतं तसा चिकट, गुळगुळीत पदार्थ असतो, तो त्याला आवडला."

पुसदकरांनी घसा साफ केला. अमोलसमोर जाऊन उभे राहिले. "तारे," ते म्हणाले, "कालचा माझा शेरा मी मागे घेतो. रविवारचा कार्यक्रम ठरल्याप्रमाणे." मग त्यांना बहुधा हे फारच कोरडं वाटलं, म्हणून त्यांनी जावयाला घट्ट मिठी मारली. श्रुती रडायला लागली ती आत्ता, आणि दिलीप खांबाआडून टाळ्या वाजवायला लागला.

या सगळ्या गडबडीत वैजयंतीबाईंचं लक्ष आजींकडे गेलं. आजींनी पाय साडीत ओढून घेतले होते.

"म्हणजे तो नमस्कार..." त्या म्हणाल्या.

वैजयंतीबाईंनी हातातली ट्यूब उलटी करून पुन्हा तीच बारीक अक्षरं वाचली.

५

सोडलेला हॉल परत मिळाला नाही, म्हणून रविवारी बंगल्याच्या अंगणातच मांडव पडला. बाफल्याला आता रोज थोडीशी गोळी सुरू होती, ती हळूहळू कमी करत न्यायची, म्हणजे ग्रंथींना आपलं दुकान पुन्हा उघडायला वेळ मिळतो. आजींना त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. जुनी ट्यूब फळीवरून गेली, दुसरं साधं औषध आलं, आणि त्यावर पायात मोजे. पैठणी आणि खाली पांढरे मोजे, हा थाट बघून नागपूरहून आलेली बहीण नलिनी दिवसभर हसत होती.

अंगठ्या घालून झाल्या. अमोलने श्रुतीला अंगठी घालताना बाफला एकदाही भुंकला नाही, उलट मध्ये घुसून बसला. फोटोग्राफरला त्याच्याशिवाय एक फोटो मिळेना. टेबलावर मावा-बाटीची परात होती आणि तिच्यापाशी श्रुतीने पहारा बसवला होता.

दिवेलागण झाली. आजींनी तुळशीपाशी दिवा लावला आणि आपल्या खुर्चीत येऊन बसल्या. बाफल्याकडे त्यांनी बघितलं नाही. बोटही वर केलं नाही. नलिनीला उगाचच लांबच्या कुठल्याशा लग्नाची गोष्ट सांगायला लागल्या. चार दिवस त्या अशाच होत्या, असं सरोज वैजयंतीबाईंच्या कानाशी म्हणाली. या वेळेला मुद्दाम खोलीत जाऊन बसायच्या, दार लावून. आज पाहुण्यांमुळे जाता आलं नव्हतं.

वैजयंतीबाईंनी हातातली बशी खाली ठेवली. साखरपुडा झाला, कुत्रा वाचला, सगळं निस्तरलं, आणि तरी त्यांची नजर पुन्हा पुन्हा त्या खुर्चीकडे जात होती.

बाफला मांडवातून निघाला. मिठाईच्या परातीपाशी क्षणभर थांबला, पुढे गेला. व्हरांड्याची पायरी चढला. आजींच्या मोज्यांचा त्याने वास घेतला, जीभ लावून बघितली, आणि सटकन शिंकला. तोंड वाकडं करून तो मागे फिरला. आजींनी गोष्टीतल्या नवऱ्यामुलाचं नाव चुकवलं.

पायरीपर्यंत गेलेला बाफला तिथे उभा राहिला. मग परत आला. पुढचे पाय पसरले, वाकला, आणि आजींच्या मोज्यांवर त्याने हनुवटी टेकली. चाटलं नाही, हुंगलं नाही. डोळे मिटले आणि एक लांब सुस्कारा सोडून तिथेच पसरला.

आजींनी हलायचं नाही म्हणून श्वाससुद्धा हळू घेतला. बऱ्याच वेळाने त्यांनी बोट वर केलं.

"डॉक्टरीणबाई, इकडे या. तुम्ही आधी आणि नंतर तपासता ना? मग हेही बघा. मलम असतानाचा नमस्कार बघितलात, आता मलम नसतानाचा बघा. आकडा हलला का?"

वैजयंतीबाई खाली बसल्या आणि त्यांनी बाफल्याच्या डोक्यावरून हात फिरवला. त्याने एक डोळा उघडून त्यांना ओळखलं आणि घशातल्या घशात गुरगुरला.

"नाही हलला, काकू," त्या म्हणाल्या. "तसूभरही नाही."